गाडीपुलावरचा शेवटचा डबा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे नव्हताच! तुमचं हे भुताखेतांच्या अनुभवांचं सदर मी वाचायचे ते हसायला. पांढरी साडी नेसलेली बाई आडरानात उभी... अहो, आमच्याकडच्या चिखलात पांढरी साडी नेसून कोण जाईल? आणि गेलीच तर ती धुवायची कुणी? मी शहापूरला शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. गिऱ्हाईक देवाची शपथ घेऊन माप सांगू दे, मी टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. असा माझा स्वभाव. जीभही जरा तिखटच आहे, आमचे हे सांगतील तुम्हाला.

पण त्या पुलावर जे झालं त्याला टेप कुठून लावायची, ते मला अजून कळलेलं नाही. आणि गंमत म्हणजे तेव्हा मी घाबरले नव्हते हो! घाबरायचं सुचलंच नाही. आज इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा मला भीती नाही, आनंदच वाटतो.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं. मुरबाड म्हटलं की लोक लगेच विचारतात, "काय, आली का तुमची रेल्वे?" कारण आमच्याकडे रेल्वे नाही. मी परकरात होते तेव्हापासून ती येणार आहे. इलेक्शनला येते आणि निकाल लागला की जाते. कल्याणला जायचं तर एसटी, नाहीतर कोंबलेली जीप. पण आमच्या घरात मात्र रेल्वे होती! माझे वडील, आबा, रेल्वेत गँगमन होते. ड्यूटी आटगाव-खर्डीच्या बाजूला. खडी ओढायची, रूळ बघत चालायचं, रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकायच्या. सुट्टीला घरी आले की सगळ्या आळीची पोरं ओट्यावर जमायची आणि आबा गाड्यांच्या गोष्टी सांगायचे. गाडी दिसायच्या आधी ते नुसत्या आवाजावरून सांगायचे म्हणे, मालगाडी आहे की मेल आहे, भरलेली आहे की रिकामी. मान जरा तिरकी करायची, उजवा कान पुढे काढायचा आणि डोळे बारीक करायचे. ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती लक्षात ठेवा.

मग आबांचे कान गेले. आधी उजवा कमी झाला, मग डावा, आणि मग दोन्ही ठार. रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आबांना लाईनीवरून काढून गोदामात हलकं काम दिलं. त्यात कुणाची चूक नाही. ज्याला गाडी ऐकू येत नाही त्याला रुळावर कसं उभं करणार? पण आबांच्या मनाला ते लागलं ते लागलंच. कुणी विचारलं, "कसे आहात?" तर तब्येत सांगायचे नाहीत. म्हणायचे, "लाईनीवरून उतारलो रे मी." बस्स, एवढंच.

आणि त्यानंतर माझा तो वाघासारखा बाप रुळांना घाबरायला लागला. आटगाव स्टेशनात फलाटावरसुद्धा भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. माझा हात असा दाबून धरायचे की बांगड्या रुतायच्या. गावातल्या साध्या रस्त्यावर चालतानाही सारखे मागे वळून बघायचे. चार पावलं टाकली की वळले, चार पावलं टाकली की वळले. कारण मागून काय येतंय ते कळायला कान नव्हते ना! पोरं नक्कल करायची त्यांची. एकाचा तर मी भर बाजारात कान पिरगळला होता. त्याची आई भांडायला आली, तिलाही ऐकवलं.

माझी लेक चिमी झाली तेव्हा आबांना काहीच ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण "नुसतं कानात टोचतंय गो" म्हणून ते ट्रंकेत जाऊन पडलं. म्हणजे नातीचा आवाज त्यांनी एकदासुद्धा ऐकला नव्हता. आणि चिमी तर अशी बडबडी... उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडाला कुलूप नाही! आबा तिच्या ओठांकडे बघत बसायचे. कधी तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून म्हणायचे, "बोल गो बाय." ती बोलायची. आबा डोळे मिटून बसायचे आणि मग मान हलवायचे, "नाय कळत." दर खेपेला हेच. जायच्या वेळी एसटीत चढताना मला विचारायचे, "नंदे, कसा हाय गो तिचा आवाज? बारीक का जाड?"

आता आवाज खुणेने कसा दाखवायचा सांगा! एकदा मी मशीनवरचं रेशमी दोऱ्याचं रीळ काढलं आणि दोरा त्यांच्या चिमटीत दिला. आबांनी तो हळूच ओढला, बोटावर गुंडाळला, उजेडात धरून बघितला. "रेशीम!" म्हणाले. एवढे खूश झाले की तो दोरा खिशात घालून गावाला गेले.

खरी गोष्ट अशी की चिमीचा आवाज घोगरा. जन्मापासून. शेजारच्या काकू म्हणायच्या, "हिच्या गळ्यात बेडूक बसलाय." फोनवर लोक तिला मुलगा समजायचे. पण म्हाताऱ्या माणसाला बेडूक कशाला दाखवायचा? म्हटलं, रेशीम तर रेशीम. आमच्या घरात कुणी त्यांना दुसरं काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं?

आता पुलाकडे येते.

आटगावहून तानसाच्या बाजूला गेलं की आतमध्ये एक ओहोळ आहे आणि त्यावर एक जुना रेल्वेचा पूल आहे. आपल्या कसारा लाईनीचा नाही हं. धरणाचं काम चाललं होतं तेव्हा दगड न्यायला इंग्रजांनी छोटी गाडी टाकली होती, असं तिकडची जुनी माणसं सांगतात. धरण झालं, गाडी बंद पडली, रूळ उचलून नेले. पूल तेवढा राहिला. दगडी खांब, वर लोखंडी तुळया. पलीकडच्या वाड्यांतली माणसं वर्षानुवर्षं उघड्या तुळयांवरून तोल सांभाळत यायची जायची. मग त्यावर कधीतरी सिमेंटच्या लाद्या पडल्या, दोन्ही बाजूंना कठडा आला आणि टोकाला पाटी लागली, फक्त पायी जाण्यासाठी. तिकडे सगळे त्याला गाडीपूलच म्हणतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने ब्लाउज घेऊन जाताना सहज हे सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लख्खकन वीज चमकली.

रेल्वेचा पूल. पण गाडी येणारच नाही असा! मागून नाही, पुढून नाही, जन्मात नाही! माझा बाप तिथे बिनघोर चालू शकेल. पुन्हा लाईनीवर चढेल.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, चिमी अंगणवाडीत जायची तेव्हाची. म्हसा गावची जत्रा उरकून आबा आमच्याकडे आले होते, सरळगाव-किन्हवलीवरून एसटीने, डोक्यावर नव्या तांदळाची गोणी घेऊन. या वयात गोणी कशाला आणली म्हणून मी ओरडले. ऐकू येत नसलं की माणसाला किती सोयीचं असतं! गोणी स्वयंपाकघरात टेकवून ते चिमीला मांडीवर घेऊन बसलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या आणि वालाची उसळ बांधून घेतली, शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून घेतला आणि आम्ही तिघं निघालो. आमच्या ह्यांना ड्यूटी होती. निघताना म्हणाले, "पूल बघायला काय जायचं? पूल काय पळून जातोय?" मी म्हटलं, "तुम्ही या संध्याकाळी, भाकरी झाकून ठेवलीय."

जीपने आटगाव आणि तिथून पुढे पायी. छान कोवळं ऊन होतं. कापलेल्या भातखाचरांत वाल फुललेला. आबा सवयीप्रमाणे सारखे मागे वळून बघत चालले होते. वळणावर आलो, झाडी संपली आणि पूल दिसला. आणि आबा जागच्या जागी थांबले.

खरंच देखणा आहे हो तो! लोखंडावर ओळीने रिव्हेट, टिचबटणं लावावीत तसे, एकही ओळ वाकडी नाही. मला शिवणकामाची नजर, मी बघतच राहिले. आबांनी मात्र एक दगड उचलला, जवळ जाऊन तुळईवर ठोकला आणि तळवा लावून बघितला. "लोखंड जितं हाय," म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"गाडी नाय ना येत?"

मी दोन्ही हात हलवले. नाही!

"नक्की नाय?"

मी पाटी दाखवली, लाद्या दाखवल्या, रूळ कुठे आहेत दाखवा म्हणून कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तेव्हा आबा खाली बसले. जिथे रूळ असायला हवा होता तिथे लादीवरून त्यांनी हात फिरवला, एखाद्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग उठले, टोपी नीट केली, चिमीचं बोट धरलं आणि चालायला लागले.

काय सांगू तुम्हाला... लाद्या सपाट होत्या, पण आबांची पावलं रुळांखालच्या स्लीपरवर पडावीत तशी पडत होती. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा तसूभर कमी नाही की जास्त नाही. चिमीला त्यांना गाठायला उड्या माराव्या लागत होत्या. आणि आबा मागे बघत नव्हते! एकदाही नाही! मी मागून बघत होते ना. मान ताठ, छाती पुढे, माझा जुना आबा चालला होता. मला रडूच आलं. सांगायला लाज कसली? कॅमेरा काढला आणि पाठमोरा फोटो घेतला. फोटोत काही विचित्र आलेलं नाही, आत्ताच सांगते, उगाच आशा लावून बसू नका. एक म्हातारा, एक पोरगी आणि पूल, एवढंच आहे.

पुलाच्या मधोमध कडेला एक छोटासा ओटा बाहेर काढलेला आहे, लोखंडी. आता त्यालाही कठडा लावलाय. तिकडच्या बायका तिथे मोळी टेकवून दम खातात. आबांनी तो लांबूनच ओळखला. म्हणाले, "हे बघ नंदे, गाडी आली का गँगमन हितं उभा ऱ्हातो. पुलावर दुसरीकडं जागाच नाय ना पळायला." मी मान डोलावली. म्हटलं, तिथेच बसून भाकरी खाऊ.

ओटा जेमतेम वीस-पंचवीस पावलांवर राहिला असेल. आणि आबा थांबले.

त्यांची मान तिरकी झाली. उजवा कान पुढे आला, डोळे बारीक झाले.

मी ती मान किती वर्षांनी बघत होते! ठार बहिरा माणूस, ज्याच्या कानाशी ताट वाजवलं तरी कळत नाही, तो माणूस मान तिरकी करून ऐकत होता. मला वाटलं जुन्या आठवणीत रमलेत. मी हसणार तेवढ्यात आबा केवढ्याने तरी ओरडले —

"गाडी! गाडी आली! लाईन सोडा!"

चिमीला एका हाताने काखोटीला मारली, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि जे पळाले... अहो, आदल्या दिवशी पायऱ्या चढताना गुडघे धरत होते ते! माझी पिशवी पडली, उसळीचा डबा गडगडत गेला. त्यांनी मला ओट्यावर आत ढकललं, चिमीला छातीशी घट्ट धरलं आणि स्वतः पुढे उभे राहिले, एक हात कठड्यावर, आमच्या दोघींची ढाल होऊन. मी "आबा, अहो आबा" करत होते. मला वाटलं यांना काहीतरी झालं, वारं गेलं डोक्यात. आता या पुलावर मी एकटी काय करू?

आणि मग माझ्या हाताखालचा कठडा थरथरला.

आधी अगदी बारीक. मशीन फुल स्पीडला असलं की टेबल कसं थरथरतं, तसं. मग तळपायाला जाणवलं. मग दातांत! आणि मग वारा आला. समोरून नाही, खालून नाही, पुलाच्या लांबीने एका बाजूने सरसरत आला आणि जातच राहिला... जातच राहिला... माझा पदर ताडताड उडत होता, केस तोंडावर येत होते. गरम तेलाचा वास आला. आबा ड्यूटीवरून घरी आले की त्यांच्या शर्टाला यायचा तोच. दिसत काहीच नव्हतं. लाद्या तशाच, ऊन तसंच, उसळीचा डबा मधोमध आडवा पडलेला. आणि मला आवाजही काही येत नव्हता. गाडीचा नाही, पाण्याचा नाही, कशाचाच नाही. आबांचं सगळं बहिरेपण माझ्या कानात येऊन बसलं होतं जणू.

त्या शांततेत मला एकच आवाज ऐकू आला. चिमीचा. तिचं तोंड आबांच्या शर्टात पार दाबलेलं होतं. नुसती वेणी दिसत होती. तिथून ती म्हणाली, "आबा, आता जाऊ?"

आणि आबा, वळणाकडे बघत, मान खाली न करता, सहज म्हणाले, "थांब गो बाय. शेवटचा डबा जाऊ दे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. या पोरीने काहीतरी विचारलं आणि त्या माणसाने उत्तर दिलं! ओठ न बघता! आबांनी उजवा हात वर केला, उंच, आणि तसाच धरून ठेवला. पूर्वी ते आम्हाला घरच्या ओट्यावर करून दाखवायचे. गाडी पास झाली की शेवटच्या डब्यातल्या गार्डला गँगमन असा हात दाखवतो, सगळं ठीक आहे म्हणून. मग त्यांनी हात खाली घेतला. कठडा गप्प झाला, पदर खांद्यावर पडला आणि ओहोळाचं पाणी पुन्हा खळखळायला लागलं.

"मालगाडी व्हती," आबा म्हणाले. "भरलेली." आणि मटकन खाली बसले. तोंडभर हसत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी त्यांच्यासमोर बसून ओरडले, "आबा! ऐकू येतंय तुम्हाला? आबा!" त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग कानाकडे बोट नेलं आणि मान हलवली. पुन्हा सगळं बंद. चिमीने विचारलं, "आबा, गाडी कुठाय?" तर तिच्याही ओठांकडे बघायला लागले, "आँ?"

एवढ्यात पलीकडच्या टोकाला एक बाई उभी दिसली, डोक्यावर लाकडाची मोळी. अरुंद पूल, समोरून माणसं असली की तिकडचे लोक टोकाला थांबतात आणि वाट देतात, तशी थांबली होती. काळूबाई नाव तिचं, पलीकडच्या वाडीतली. ती जवळ आली, उसळीचा रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काय झाला गो? तिघंच्या तिघं कठड्याला का चिकाटलात? नि तुझा पदर कसा फडफडत व्हता! माझ्याकडं तर पान बी हालंना."

"तुम्हाला दिसलं ना? पदर उडताना दिसला ना?" मी तिचा हातच धरला.

"दिसला तर. मला वाटला आता साडीच उडतं का काय."

मी तिला खोदून खोदून विचारलं. इथे काही आहे का? पूर्वी काही झालंय का? कुणी मेलंबिलंय का? तर ती अशी हसली की मोळी हलली. "नाय गो बाय. रोज जातो आमी. पोरा शाळंत जातान, लाकडा जातान. हितं कशाला काय आसंल?" आणि गेली निघून. म्हणजे तिकडूनही काही धागा नाही.

घरी येईपर्यंत मी हवेत होते. संध्याकाळी हे आले तशी मी दारातच सुरू झाले. चपला काढू दिल्या नाहीत त्यांना. सगळं सांगितलं, हातवारे करून, आबांसारखं उभं राहून दाखवलं. ह्यांनी शांतपणे चहा घेतला. आमचे हे म्हणजे सगळ्याला कारण शोधणारे.

"हे बघ," म्हणाले, "ओहोळाच्या घळीतून वारा येतो कधी कधी. कठडा वाऱ्याने हलला. आबांना गँगमनचं सगळं अंगात भिनलेलं, पूल बघून भास झाला."

"आणि उत्तर दिलं ते?"

"अगं, पोरगी छातीशी होती. ती बोलली तशी छातीला थरथर लागली. पोरगी काय विचारणार अशा वेळी? जाऊ का, हेच. अंदाजाने बोलले."

मला एवढा संताप आला! पण खरं सांगू? पटण्यासारखं होतं ना ते. मनात म्हटलं, झालं, माझ्या बापाचं एवढं मोठं सुख या माणसाने चहाबरोबर पिऊन टाकलं. चिमी जमिनीवर बसून बाहुलीशी बडबडत होती आणि आबा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते.

मग आबा उठले. माझ्या मशीनपाशी गेले. रेशमी दोऱ्याचं रीळ तिथेच वर होतं, ते उचललं, आमच्यासमोर धरलं आणि मान हलवली. नाही. रीळ परत ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेले. आम्ही दोघं बघतोय, हे काय करतायत? तांदळाची गोणी जिने बांधून आणली होती ती सुतळी सोडत होते. चांगली जाडजूड, खरखरीत, तूस लागलेली. ती घेऊन बाहेर आले, माझा हात पुढे ओढला आणि तळव्यावर ठेवली.

"रेशीम नाय गो नंदे," आबा म्हणाले. "ही. ही हाय तिचा आवाज." आणि सुतळी दोन्ही हातांनी ताणून बघत हसायला लागले, "जाड हाय... पण कशी पक्की हाय!"

ह्यांच्या हातातला कप बशीवर वाजला. आबांना कुणी सांगितलं नव्हतं. खुणेने नाही, कशानेच नाही. इतकी वर्षं गळ्यावर बोटं ठेवून कळलं नाही ते शर्टातून कसं कळेल? ह्यांनाही हे माहीत होतं. ते उठले आणि आबांच्या पायाशी जाऊन बसले.

त्यानंतर आम्ही त्या पुलावर कितीतरी वेळा गेलो. आबा ओट्यावर उभे राहायचे, चिमीला म्हणायचे, "बोल गो." ती घोगऱ्या आवाजात अंगणवाडीची सगळी गाणी म्हणायची. एकदाही काही झालं नाही. वारा नाही, थरथर नाही, गाडी नाही. मला हळहळ वाटायची, पण आबांना नाही. म्हणायचे, "एकदा ऐकलाय ना, आता तिचा तोंड हालला का मला येतो आवाज." आणि त्या दिवसापासून रस्त्यावर चालताना त्यांनी मागे वळून बघणं सोडलं. अगदी मुरबाडच्या बाजारातसुद्धा! मीच मागून ओरडायचे, जीप येतेय, बाजूला व्हा म्हणून.

आबा आता नाहीत. चिमी मोठी झाली, आवाज तसाच आहे, आणि ज्या आबांनी तो आयुष्यात एकदाच ऐकला त्यांनी दिलेलं 'सुतळी' हेच त्याचं सगळ्यात चांगलं नाव, असं तिला वाटतं. त्या दिवशी पुलावरून काय गेलं, ते मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, पण वारा होता असं कळवू नका, ते आमच्या ह्यांनीसुद्धा म्हणायचं सोडलंय. सुतळी माझ्या मशीनच्या खणात आहे, रेशमाच्या रिळांशेजारी. अजून तिला तांदळाचं तूस लागलेलं आहे.